त्रेसष्ट किलोमीटरची ट्रायल

१० सप्टेंबर, बुध.
गाडीचं रीडिंग सकाळी ४१,२४८. संध्याकाळी ४१,२८६.
तीन गावं झाली. विजेचे एकशे बारा मीटर वाचले, सहा घरांना कुलूप. ठेकेदार म्हणतो कुलूपवाल्यांना अंदाजे आकडा टाकून मोकळा हो. मी टाकत नाही. अठरा वर्षं लोकांचे विजेचे आकडे उतरवतोय, अंदाजे एकही नाही. परत जाईन उद्या-परवा.
येताना नाल्याच्या रपट्यावर, त्या बुटक्या पुलावर, पडलो. पाण्याने आणलेला दगड डाव्या हाताला होता, दिसलाच नाही. डावा डोळा. गाडीही पडली, डाव्याच अंगावर. गुडघा सोलला. बाभुळगावात शिरताच रफिकच्या गॅरेजवर हँडल सरळ करून घेतलं, पन्नास रु.
घरी सुनंदाला बोललो नाही. बोललो तर ती उद्याच डोळ्याच्या डॉक्टरकडे उभं करेल, तो म्हणेल गाडी बंद. गाडी बंद म्हणजे काम बंद. दिवाळीनंतर पाहू.

११ सप्टें., गुरु.
सर्व्हिसिंग तशीही लांबली होती. यवतमाळला शोरूममध्ये टाकली. दारात रि. ४१,३१२.
जॉब कार्ड राऊत मॅडमनी भरलं. गाडी किती चालली तो रकाना कोरा ठेवला. म्हणाल्या, मागून भरते काका, तुम्ही सही करा. केली. मागे चार जण उभे होते आणि मला एस.टी. पकडायची होती. कालच्या पडण्याचं सांगितलं नाही. त्यांनी विचारलं नाही. रफिकने हँडल सरळ केलंच आहे.
सु. ने विचारलं लंगडता काहून. म्हटलं बसमध्ये पाय अवघडला.

१२ सप्टें., शुक्र.
गाडी नाही. गावातलेच मीटर केले, पायी. फोन केला तर म्हणाले उद्या देतो.

१३ सप्टें., शनि.
गाडी मिळाली. धुऊन पुसून नवरीसारखी. बिल भरलं, गेटपासवर सही केली, निघालो.
दोन कि.मी. वर लक्षात आलं, हँडल डावीकडे ओढतंय. थांबलो. टाकीला डाव्या बाजूने पोचा, आणि त्या पोच्यावर बरोब्बर शोरूमच्या नावाचं स्टिकर. पुढचा शॉकअप तेलाने ओला. इंजिनखालीही थेंब, डावा आरसा तडकलेला. गुरुवारी टाकी गुळगुळीत होती. मी रोज सकाळी फडकं मारतो, माझ्या तळहाताला पाठ आहे ती.
मग मीटर पाहिलं. ४१,३७७. दोन माझे वजा केले तरी राहिले त्रेसष्ट. साऱ्या तालुक्याचे मीटर वाचतो आणि स्वतःचं पाहायला शहराबाहेर यावं लागलं. शोरूमला फोन लावला, सहा वेळा. कोणी उचलला नाही.
वीसच्या वेगाने घरी. रि. ४१,४०१.

१४ सप्टें., रवि.
गाडी ढकलत रफिककडे नेली. त्याने पुढचं चाक उतरवलं आणि पाइपवरून बोट फिरवलं. शॉकअपचा पाइप वाकलाय आणि त्याला चीर आहे. इंजिनचं कव्हरही चिरलंय. टाकी तर दिसतेच. म्हणाला, ही गाडी चालवू नोका, मोठ्या गाडीच्या मागे असताना पाइप तुटला तं संपलं.
मी विचारलं, बुधवारच्या पडण्याने तर नाही ना?
"टाकीचं न् इंजिनचं नाही, ते मी पैजेवर सांगतो. शॉकअपचं... त्या दिवशी मी हँडल सरळ केलतं, शॉकअप खोलून नाही पाह्यला. थोडा वाकला असन तं असन. देवाले माहीत."
खर्च सगळा मिळून साडेचौदा हजारांच्या आसपास. गाडी त्याच्याकडेच ठेवली.

१५ सप्टें., सोम.
एस.टी.ने यवतमाळ. राऊत मॅडमनी मला पाहिलं आणि कॉम्प्युटरमध्ये डोकं घातलं. वर्कशॉपचा मॅनेजर बाहेर आला. तिशी-पस्तिशीचा, इस्त्रीचा शर्ट. म्हणाला ट्रायल मारली असन मेकॅनिकनं. म्हटलं, त्रेसष्ट किलोमीटरची ट्रायल? म्हणाला तुमचा आकडा चुकला असन. अठरा वर्षांत हे वाक्य मी हजार घरांच्या दारात ऐकलंय, पण गाडीच्या मीटरबद्दल पहिल्यांदाच.
गेटवरचा चौकीदार बाभुळगावकडचा, त्याच्या घरचं मीटर माझ्याच फेरीत येतं. मी निघालो तर पाणी प्यायच्या निमित्ताने नळापर्यंत आला.
"तुमची गाडी बोरी अरबले गेलती शुक्रवारी. मॅनेजरच्या साळ्याचं साक्षगंध होतं, लग्न जुळलं त्याचं. येताना शहराजोळ पडली, तिथून टेम्पोत टाकून आणली. मी सांगतलं म्हणून नोका सांगू भाऊ, नोकरी जाईन माही."
नाही सांगणार. साक्षगंधाला अख्खा गोतावळा होता, साक्ष द्यायला एक नाही.

१९ सप्टें., शुक्र.
आज शोरूमचे मालक भेटले. गोड माणूस. चहा मागवला, काका काका केलं. मग जॉब कार्ड पुढे ठेवलं. तो कोरा रकाना आता भरलेला: ४१,३७०. गेटबाहेर पडताना ४१,३७५ होतं, म्हणजे ट्रायल पाच कि.मी. ची. खाली सही माझीच. गेटपासवर बारीक अक्षरांत छापलंय, गाडी तपासून समाधानाने ताब्यात घेतली. त्याखालीही माझीच सही, चांगली पल्लेदार, खाली रेघ मारून.
देऊ काय केलं तर तीन सर्व्हिसिंग फुकट आणि एक हेल्मेट. म्हणाले गाडी जुनी आहे, जुन्या गाडीचं असं होतं. आवाज चढला माझा. चहा न पिता उठलो. आता वाटतं प्यायला हवा होता, सकाळपासून उपाशी होतो.

२० सप्टें., शनि.
राग जात नाही. पैशाचा आहेच. पण त्यांनी माझ्या सहीवर खोटा आकडा चढवला याचा जास्त आहे. मी कोणाच्या दारात कधी असं केलं नाही.
सु. म्हणाली, सोडून द्या नाहीतर धरून ठेवा, पण नुसते धुमसत बसू नका.

२२ सप्टें., सोम.
शेजारच्या वानखडे गुरुजींकडे गेलो. निवृत्त, अर्ज लिहिण्याचा शौक. रेशनपासून रेल्वेपर्यंत सगळ्यांना लिहून झालंय, त्यामुळे माझ्या प्रकरणाने त्यांना हुरूप आला. म्हटलं, शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. ते म्हणाले हे कोर्ट नव्हे, ग्राहक आयोग आहे, वकीलही लागत नाही. आधी नोटीस. रजिस्टर पोस्टाने पाठवली.
त्यांनी विचारलं पुरावा काय. मी ही डायरी दाखवली. बियाणांच्या दुकानातून दर वर्षी मिळते, एका तारखेला एक पान, आणि रोजचं रीडिंग वर लिहिलेलं. गुरुजींनी ११ आणि १३ ची पानं दोनदा वाचली. "अहो, जॉब कार्डले उत्तर हेच हाये. सोनं हाये हे." दुसऱ्याचं खाजगी वाचू नये म्हणून बाकीचं एकही पान उलटलं नाही त्यांनी. जुनी माणसं.

२६ सप्टें., शुक्र.
गुरुजींची सायकल आणि एस.टी. यावर फेऱ्या चालू. दिवसाला चाळीस मीटर होतात, ऐंशी राहतात. ठेकेदाराचा फोन. नवे मीटर बसायला लागलेत, ते आपला आकडा आपणच कळवतात, म्हणजे आमचं काम तसंही किती दिवसांचं. तो म्हणाला, गाडी नसेल तर दुसरा माणूस पाहतो. महिन्याची मुदत मागितली.

२ ऑक्टोबर, गुरु. दसरा.
सु. ने पूजेचं ताट घेतलं आणि म्हणाली चला. रफिकच्या गॅरेजात उभ्या गाडीला हार घातला. चाक नाही पुढचं, विटांवर टेकवलेली. लिंबू ठेवायला चाक नाही म्हणून विटेसमोर ठेवलं. रफिक हसला, मग त्यानेच अगरबत्ती लावली.
नोटिशीला उत्तर नाही.

६ ऑक्टो., सोम.
आयोगाकडे अर्ज दाखल. गाडी बोरी अरबला नेल्याचं लिहिलं, कोणी सांगितलं ते नाही. सोबत जॉब कार्ड, बिल, रफिकचा अंदाजपत्रकाचा कागद, डायरीच्या दोन पानांच्या झेरॉक्स. प्रतिज्ञापत्र नोटरीपुढे केलं. सहा पानं, प्रत्येक पानावर सही. गुरुजी बोट ठेवत गेले, मी करत गेलो. मागे रांग होती.

७ ऑक्टो., मंगळ.
माझी प्रत आज शांतपणे वाचली. चांगलं लिहिलंय. कलम ७: "सदर वाहनास यापूर्वी कोणताही अपघात झालेला नव्हता व ते पूर्णतः सुस्थितीत सामनेवाल्यांच्या ताब्यात दिले."
खाली सही माझी. न वाचता. पुन्हा.
गुरुजींकडे गेलो. हे कुठून आलं? म्हणाले, ते वाक्य असतेच, सगळ्या अर्जात असते. मग मला म्हणाले, काहून, झाला होता का अपघात? मी म्हटलं, तसं नाही. तसं नाही म्हणजे काय ते त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

२१ ऑक्टो., मंगळ. दिवाळी.
दिवे लावले. गाडी रफिककडेच. ठेकेदाराला अजून महिनाभर थांबवलंय, मोबदल्यात कुलूपवाली घरं अंदाजे टाक म्हणाला. नाही टाकली.

२८ नोव्हेंबर, शुक्र.
शोरूमचं लेखी उत्तर आलं. वकिलाने लिहिलंय. गाडी बोरी अरबला गेलीच नाही. आकडा जॉब कार्डप्रमाणे. आणि: "तक्रारदारांनी वाहन आणले त्यावेळीच ते डाव्या बाजूस पडलेले होते, हँडलवर दुरुस्तीच्या खुणा होत्या."
चोराच्या उलट्या बोंबा, असं गुरुजी म्हणाले. मी मान हलवली. घरी आलो, सु. ला वाचून दाखवलं. ती म्हणाली, किती खोटं बोलून राह्यले हे लोक. मी पाणी प्यायला आत गेलो.
त्यांनी ते हवेत मारलंय, त्यांना काही माहीत नाही. राऊत मॅडमनी गाडीकडे पाहिलंही नव्हतं. पण अंधारातला दगड नेमका लागला. मला जो राग यायला हवा तो येत नाही, याचाच राग येतोय.

३० नोव्हें., रवि.
रफिककडे बसून हिशेब केला. टाकी, इंजिन कव्हर, पोच्यावरचं स्टिकर, तडकलेला आरसा: सगळं त्यांचं. शॉकअप: किती त्यांचा, किती माझा? रफिक म्हणतो चीर त्यांची, वाक कदाचित तुमची. कदाचित. आता काय तिथे अर्धा आकडा टाकू?

५ डिसेंबर, शुक्र.
मालकांचा फोन. पुन्हा गोड. अर्धी रक्कम रोख देतो काका, तक्रार नाही म्हणून लिहून द्या, तुमचाही त्रास वाचेल. मी विचारलं, त्या दिवशी गाडी कोणी नेली ते लिहून देता का? म्हणाले, ते कशाला. मी म्हटलं विचार करून सांगतो.
खरं म्हणजे विचार करायला जागा आहे. अर्धे घेतले तर गाडी दोन दिवसांत उभी, ठेकेदार गप्प, आणि डायरी कोणाला दाखवायची नाही. दुपारभर मी हो म्हणालेला होतो, मनात. मग चौकीदाराचं तोंड आठवलं, घाबरत घाबरत नळापर्यंत आलेलं, आणि जॉब कार्डावरचा तो ४१,३७०. त्याच्याखाली माझी सही कायमची राहिली असती.
संध्याकाळी फोन करून नाही म्हणालो.

९ डिसें., मंगळ.
आयोगापुढे तारीख. साधी खोली, पंखा, टेबलामागे तिघे. अर्ज वाचला. त्यातल्या बाईंनी विचारलं, रोज लिहिता का डायरी? म्हटलं, रोज. शोरूमच्या वकिलाचं म्हणणं, असली पानं कोणीही घरी बसून लिहील. तेव्हा बाईंनी सांगितलं, पुढच्या तारखेला मूळ डायरी आणा, आणि त्या पानांच्या प्रती नव्याने द्या, या काळ्या आल्यात, वाचता येत नाहीत. तारीख १७.
गुरुजी बसमध्ये खुशीत. म्हणाले, ११ आणि १३ ला खुणेच्या पट्ट्या लावून द्या, नेमकं तेवढंच पान उघडतात, मागचंपुढचं कोणी चाळत नाही.
घरी येऊन पाहिलं. एका तारखेला एक पान, म्हणजे कागदाच्या एका अंगाला १०, दुसऱ्या अंगाला ११. रपटा आणि शोरूम एकाच कागदावर. फाडायचं तर दोन्ही जातं.

१२ डिसें., शुक्र.
१० चं पान पुन्हा वाचलं. "गाडीही पडली, डाव्याच अंगावर." दुसऱ्या कोणाच्या डायरीत असतं तर म्हटलं असतं, केवढं उघड लिहिलंय. त्यात डावा डोळाही आहे. हे ठेकेदारापर्यंत पोचलं तर मुदत वगैरे विसरायची. शोरूमच्या वकिलाने ते वाचून दाखवलं तर बोरी अरब राहील बाजूला आणि मीच खोटा ठरेन, कलम ७ सकट.
आणि लपवलं तर? जिंकेन बहुतेक. पूर्ण साडेचौदा हजार, शॉकअप धरून.
झोप चांगली लागत नाहीये.

१५ डिसें., सोम.
सु. ला सांगितलं. दुपारी, ती तूर निवडत होती. रपटा, दगड, डोळा, रफिक, कलम ७, सगळं एका दमात. ती निवडत राहिली. सूप खाली ठेवलं तेव्हा म्हणाली:
"अजी, तुम्ही पडले ते मले त्याच दिवशी माहीत होतं. प्यांटचा गुडघा मीच शिवला ना. आतून कपडा लावून."
तीन महिने मी तीच पँट घालतोय. उठून पाहिली. बारीक टाके, खाकी दोरा, आतून तिच्या जुन्या परकराचा तुकडा. मी म्हटलं, मग बोलली का नाहीस?
"तुम्ही सांगता का, ते पाहून राह्यली होती."
मला लाज वाटली. स्पष्टच लिहितो, लाज वाटली. शोरूमवाल्यांनी जे केलं ते मी घरात तीन महिने करत होतो, माझा रकाना कोरा ठेवून.
मग विचारलं, काय करू? ती म्हणाली, ते तुमचं तुम्ही ठरवा, पण गुरुवारी डोळा दाखवायला जायचं, ते ठरलं. तारखेच्या दुसऱ्या दिवशी. मी हो म्हणालो.

१६ डिसें., मंगळ.
सकाळी गुरुजींना सांगितलं. चष्मा काढून बसले. म्हणाले, ते वाक्य मी टाकलं, चूक माझी. म्हटलं, सही माझी. त्यांचं म्हणणं अजूनही, आपण होऊन सांगायची गरज नाही, विचारलं तर सांगा. वाईट माणूस नाही, हरलेला अर्ज त्यांना सोसत नाही. पण शेवटी कागद घेतला आणि कलम ७ दुरुस्त करण्याचा विनंती अर्ज लिहिला. या वेळी मी तो तीनदा वाचला. एका जागी "किरकोळ पडले" लिहिलं होतं, त्यातलं किरकोळ खोडायला लावलं. मग सही. तो अर्ज अजून माझ्या खिशात आहे, उद्या द्यायचा की नाही हे माझ्यावर, असं ते म्हणाले.
दुपारी तहसीलजवळ झेरॉक्सच्या दुकानात. गर्दी, कोणाचे सातबारे, कोणाचे दाखले. माझा नंबर आला. डायरी उघडून ११ चं पान काचेवर पालथं ठेवलं त्याने, आणि झाकण लावता लावता विचारलं:
"काका, एकाच बाजूनं काढू का पाठपोट?"
रोज शंभर लोकांना विचारत असेल. मी खिशातला अर्ज चाचपला. मागचा माणूस म्हणाला, सांगा ना भाऊ लवकर. या घाईत मी आजवर दोनदा सह्या केल्यात.
"थांबा जरा," मी म्हटलं. मग म्हटलं, "पाठपोट. तीन प्रती."
दुकानदाराने कागद उलटला. रपट्याची बाजू हिरव्या उजेडाखालून गेली आणि गरम गरम बाहेर आली. अक्षर स्वच्छ आलंय. दगड, डावा डोळा, पन्नास रु., सगळं वाचता येतं.
उद्या सव्वानऊची एस.टी. मॅनेजर येणार असं ऐकलं. काय होईल सांगता येत नाही, गुरुजींनाही नाही.
येताना रफिककडे डोकावलो. गाडी विटांवरच. सवयीने मीटर पाहिलं.
रि. ४१,४०१.